बिळाच्या तोंडाशी : कामाचे टेरिअर आणि त्यांची माणसे

१.
जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरचा तो पांढरा कुत्रा अनेक मराठी घरांनी पाहिलेला आहे. नाट्यसंगीताची तबकडी फिरू लागली की तोही तिच्याबरोबर गरगरत असे. मान किंचित कलती, लक्ष कर्ण्याच्या तोंडाकडे. त्याचे नाव निपर. १८८४ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरी तो जन्मला आणि १८९५ साली मरण पावला. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना मागून चावे घेण्याच्या खोडीवरून हे नाव पडले, असे सांगतात. फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने त्याच्या मृत्यूनंतर काढलेले चित्र पुढे जगप्रसिद्ध बोधचिन्ह झाले. निपरच्या अंगात टेरिअरचे रक्त होते. त्या रक्ताचा मूळ व्यवसाय संगीतापासून फार दूरचा, थेट जमिनीच्या पोटातला होता. हा धागा त्या व्यवसायाचा आणि तो करवून घेणाऱ्या माणसांचा.

२.
प्रथम शब्द पाहू. लॅटिन भाषेत ‘टेरा’ म्हणजे भूमी. तिच्यावरून फ्रेंचमार्गे ‘टेरिअर’ हा शब्द आला. त्याचा अर्थ जमिनीत शिरणारा कुत्रा. १४८६ साली इंग्लंडात छापल्या गेलेल्या ‘बुक ऑफ सेंट आल्बन्स’ या ग्रंथातल्या कुत्र्यांच्या यादीत हा शब्द आढळतो. पुढे १५७० मध्ये केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिन पुस्तिका लिहिली. तिच्यातही कोल्ह्याच्या आणि बॅजरच्या बिळात घुसणारा टेरिअर आहे. कायस यांची वर्गवारी लक्षात घेण्यासारखी आहे. ती रंगावर वा कानाच्या ठेवणीवर बेतलेली नसून कुत्रा कोणते काम करतो यावर आधारलेली आहे. त्या काळी कुत्र्याची जात म्हणजे त्याचा धंदाच होता.

३.
हा धंदा काय होता? इथे कोल्हा म्हणजे युरोपातला तांबडा कोल्हा, आपल्याकडच्या खोकडाचा थोरला भाऊबंद. पाठलाग झाला की तो बिळात शिरतो. मागून धावणारे मोठे शिकारी कुत्रे, म्हणजे हाउंड, त्या बिळात मावत नाहीत. अशा वेळी टेरिअर आत सोडला जाई. अंधारात, हवा कोंडलेल्या बोगद्यात, वळता येणार नाही इतक्या अरुंद जागी तो एकटाच कोल्ह्यासमोर उभा ठाके. त्याने भुंकत राहायचे, कोल्ह्याला दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायला भाग पाडायचे, किंवा माणसे वरून खणत पोहोचेपर्यंत त्याला एका जागी खिळवून ठेवायचे. वर त्याचा धनी जमिनीला कान लावून पालथा पडलेला असे. भुंकण्याचा दबका आवाज जिथून येई, तिथे फावडे पडे.

४.
या कामाने टेरिअरचे शरीर घडवले. छाती अरुंद हवी, कारण जिथून कोल्हा जातो तिथून त्यालाही जायचे आहे. म्हणून जाणता माणूस आजही त्याला पुढून उचलतो आणि खांद्यांमागे छातीभोवती दोन्ही हातांचा वेढा घालून पाहतो. बोटे एकमेकांना भिडली तर कुत्रा कामाचा. केस राठ हवेत, म्हणजे थंडी, पाऊस आणि काटे सोसता येतात. शेपटी मुठीत मावेल इतकी ठेवत, कारण अडकलेल्या कुत्र्याला तिनेच मागे ओढता येई. आवाज खणखणीत हवा, कारण खाली तोच त्याचा एकमेव निरोप. पाय लांब हवेत, कारण बिळापर्यंतचे मैलोगणती अंतर चालूनच कापायचे. सहा-सात किलोंच्या या देहात शोभेसाठी म्हणून काहीही नव्हते.

५.
आता माणसांकडे वळू. १५६६ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, धान्याच्या रक्षणासाठी एक कायदा झाला. पिकांना आणि पाळीव जनावरांना उपद्रव देणाऱ्या पशुपक्ष्यांची डोकी आणून देणाऱ्यास प्रत्येक पॅरिशमधल्या चर्चच्या कारभाऱ्यांनी पैसे मोजावेत, असा तो नियम. कोल्हा किंवा बॅजर आणला तर १२ पेन्स मिळत. साध्या मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीहून ही रक्कम मोठी होती. चर्चच्या जमाखर्चाच्या वह्यांत अशा नोंदी ओळीने सापडतात. ज्या माणसांनी आयुष्यात एकही ओळ लिहिली नाही, त्यांची नावे इतिहासाच्या कागदावर उमटली ती अशी, एका मेलेल्या कोल्ह्याच्या शेजारी. त्यांच्या कुत्र्यांची नावे मात्र वहीत येण्याचे कारणच नव्हते.

६.
याच्या जोडीला दुसरा कायदा पाहिला पाहिजे. १६७१ च्या शिकार कायद्याने ससा, तितर अशा ‘खानदानी’ शिकारीचा हक्क वर्षाला किमान १०० पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता राखून ठेवला. गरिबाघरी ग्रेहाउंड दिसला तर तो जप्त करण्याचा अधिकार जमीनदाराच्या शिकाररक्षकाला, म्हणजे गेमकीपरला, मिळाला. मालमत्तेची ही अट १८३१ मध्ये उठली. दीडशे वर्षांहून अधिक काळ कुत्रा कोणता पाळला आहे यावरून माणसाची पायरी ठरत होती. कोल्हा, उंदीर, बॅजर हे मात्र उपद्रवी प्राणी. त्यांना मारणे हा मानाचा विषय नव्हता, त्यामुळे त्या कामाचा कुत्रा गरिबाच्या दारी बिनधोक राहू शकला. टेरिअर हा उरलेल्या हक्कांचा कुत्रा होता.

७.
इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या टेकड्यांत जेम्स डेव्हिडसन नावाचा शेतकरी हिंडली येथे राहत असे. त्याच्या टेरिअरांत दोनच रंग होते आणि नावेही दोनच. पिवळसर तो मस्टर्ड आणि करडा तो पेपर, म्हणजे मोहरी आणि मिरी. पिढी बदलली की थोरला पेपर, तरुण पेपर, धाकटा पेपर असा क्रम लागे. वॉल्टर स्कॉटच्या ‘गाय मॅनरिंग’ (१८१५) या कादंबरीत अशाच कुत्र्यांचा धनी असलेला डँडी डिनमाँट नावाचा शेतकरी आला. वाचकांनी लगेच डेव्हिडसनकडे बोट दाखवले आणि शेजारीपाजारी त्याला त्याच नावाने हाका मारू लागले. त्याच्या कुत्र्यांनाही तेच नाव चिकटले. ‘डँडी डिनमाँट टेरिअर’ ही जात आज कादंबरीतल्या पात्राच्या नावाने ओळखली जाते.

८.
थोडे दक्षिणेला आले की लेक डिस्ट्रिक्टचे खडकाळ डोंगर लागतात. तिथे घोड्यावरून शिकार शक्य नव्हती. सगळा पाठलाग पायी. त्यामुळे लाल कोटातल्या उमरावांच्या शिकारीचे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते, ते इथे लागू पडत नाही. १८५७ साली एस्कडेल-एनरडेलचा हाउंडांचा ताफा उभारणारा टॉमी डॉब्सन हा धंद्याने कातारी होता. कापडगिरण्यांना लागणारी लाकडी बॉबिने तो घडवीत असे. १९१० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्या ताफ्याचा प्रमुख राहिला. वसंतात मेंढ्या विऊ लागल्या आणि कोकरे नाहीशी होऊ लागली की मेंढपाळ या ताफ्याला सांगावा धाडत. दक्षिणेकडे कोल्हा जिवंत बाहेर यावा अशी अपेक्षा असे, कारण तो बाहेर आला तरच पाठलाग पुढे चाले. डोंगरात कोल्हा परत जाता कामा नये, एवढाच हिशेब होता. इथल्या टेरिअरांचा कडवेपणा या हिशेबातून आला.

९.
ईशान्येकडे, नॉर्थम्बरलंडच्या कोळसापट्ट्यात, टेरिअर खाणकामगारांच्या घरी पोहोचला. बेडलिंग्टन गावचा गवंडी जोसेफ एन्सली याच्या पायपर नावाच्या कुत्र्याला १८२५ च्या सुमारास प्रथम ‘बेडलिंग्टन टेरिअर’ म्हटले गेले, असे मानतात. कोकरासारखा दिसणारा हा कुत्रा उंदरांचा काळ म्हणून प्रसिद्ध होता. दिवसभर स्वतः जमिनीखाली राबणाऱ्या माणसाने, सुटीच्या दिवशी जमिनीखाली जाणाऱ्याच कुत्र्याच्या संगतीत रमावे, यात काहीतरी विलक्षण आहे. अंधारात, अरुंद जागी, वर परत येण्याची खात्री नसताना काम करणे म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१०.
वर्षातला सर्वांत गजबजलेला दिवस मात्र कोल्ह्याचा नव्हता. तो मळणीचा होता. कापणीनंतर धान्याच्या पेंढ्या मोठमोठ्या गंज्यांत रचून ठेवीत आणि हिवाळ्यात मळणीयंत्र गावोगाव फिरे. तोवर गंजीच्या पोटात उंदरांची वसाहत झालेली असे. वरून पेंढ्या उपसल्या जात, गंजी खाली खाली येई आणि उंदीर तळाकडे सरकत राहत. भोवती पोरे काठ्या घेऊन आणि टेरिअर जिभा काढून उभे. शेवटचे दोन थर उरले की एकदम फुटाफूट होई. टेरिअर एका उंदराला मानेत धरी, एकच झटका देई, टाकून देई आणि पुढच्याकडे वळे. खाण्याचा प्रश्नच नव्हता. यात ना शिंग फुंकणारा कोणी, ना घोडा. पण वाचलेले धान्य हे घरचे धान्य होते.

११.
या माणसांकडे वंशावळीचे कागद नव्हते. कोणाच्या कुत्रीला कोणाच्या कुत्र्याची पिल्ले झाली, त्यांतले कोणते निधड्या छातीचे निघाले, कोणते बिळाच्या तोंडाशी अडून बसले, हे सगळे तोंडी चाले आणि पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राही. चांगले पिल्लू शेजाऱ्याला दिले जाई, विकले जाईच असे नाही. या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे काम करीत नसे, त्याला सहसा जागा नसे. हातातोंडाची गाठ पडताना मारामार असलेल्या घरी बिनकामाचे खाणारे तोंड परवडत नव्हते. आज ज्याला आपण प्राणिप्रेम म्हणतो, त्याहून हे नाते अधिक कठोर होते. जो कुत्रा टिके, तो मात्र घरच्या चुलीपाशी झोपे आणि त्याच्या अंगावरचे व्रण पाहुण्यांना कौतुकाने दाखवले जात.

१२.
आता या कथेतला सर्वांत प्रसिद्ध माणूस. जॉन रसेल, १७९५ साली डेव्हन परगण्यातला जन्म, ऑक्सफर्डचा विद्यार्थी, पुढे पाद्री. १८१९ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या मार्स्टन गावी एका गवळ्याजवळ त्याला एक पांढरी टेरिअर कुत्री दिसली आणि त्याने ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचे नाव ट्रम्प. दोन्ही डोळ्यांवर व कानांवर गडद ठिपका आणि शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा आणखी एक. रसेलला पांढरा रंग हवा होता, कारण बिळातून मातीने माखून बाहेर येणाऱ्या कुत्र्याला हाउंडांनी कोल्हा समजू नये. पुढे स्विमब्रिज गावी चार दशकांहून अधिक काळ त्याने धर्मोपदेश आणि शिकार या दोन्ही गोष्टी केल्या. बिशपला हे शिकारवेड रुचत नसे. रसेलने ते सोडलेही नाही.

१३.
दरम्यान इंग्लंड बदलत होते. रेल्वे आली, शहरी मध्यमवर्ग आला आणि त्याच्याबरोबर प्रदर्शने आली. १८५९ साली न्यूकॅसल येथे पहिले संघटित श्वानप्रदर्शन भरले. १८७३ मध्ये केनेल क्लबची स्थापना झाली. आता प्रत्येक जातीचे लेखी परिमाण ठरले. कान कसा दुमडावा, डोके किती लांब असावे, रंग कोठे असावा, सारे कागदावर आले. परीक्षक कुत्र्याला गालिच्यावर उभा करून गुण देऊ लागला. बिळ तिथे नव्हतेच. गंमत अशी की रसेल स्वतः या क्लबच्या आरंभीच्या सदस्यांपैकी होता आणि त्याने फॉक्स टेरिअरांचे परीक्षणही केले. घरचे कुत्रे मात्र तो प्रदर्शनात नेत नसे. रानातला गुलाब आणि बागेतला गुलाब यांत जो फरक, तो आपल्या आणि प्रदर्शनातल्या कुत्र्यांत आहे, अशा आशयाचे त्याचे मत नोंदलेले आहे.

१४.
हा फरक केवळ रुचीचा नव्हता. ज्या गुणाची परीक्षा होते तोच गुण पुढच्या पिढीत उतरतो. धैर्याला गुण नसतील आणि डोक्याच्या लांबीला असतील, तर काही पिढ्यांत डोके लांबते आणि धैर्याचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. सीमाभागातल्या शेतकऱ्यांना हे नेमके कळले होते. बॉर्डर टेरिअरला मान्यता मिळवावी की नाही, यावर त्यांच्यात वाद झाला. मान्यतेने कुत्रा बिघडेल, असे अनेकांचे म्हणणे होते. १९१४ मध्ये केनेल क्लबने अर्ज फेटाळला आणि १९२० मध्ये मान्यता दिली. ज्यांनी परिमाण लिहिले त्यांनी त्यात एक अट घातली. कुत्र्याला घोड्यामागे धावत जाता आले पाहिजे आणि तो मुळात कामाचाच टेरिअर असला पाहिजे. कागदाला कामाची आठवण राहावी म्हणून केलेली ती तजवीज होती.

१५.
टेरिअरच्या इतिहासाचे एक पान लाजिरवाणे आहे आणि ते गाळता येत नाही. शहरांत याच धैर्याची जुगारासाठी विक्री झाली. लंडनमध्ये खड्ड्यात उंदीर सोडून कुत्रा किती वेळात किती मारतो यावर पैजा लागत. वेस्टमिन्स्टरच्या खड्ड्यात १८२० च्या दशकात बिली नावाच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांत १०० उंदीर मारल्याची ख्याती होती. १८३५ च्या कायद्याने बैल, अस्वल आणि बॅजर यांना कुत्र्यांकडून फाडवण्यावर बंदी आली. उंदरांचे खेळ पुढेही अनेक वर्षे चालले. त्या खड्ड्यांना उंदीर लागत, ते पकडून आणून विकणारी माणसे खेड्यांतली असत. मळणीच्या गंजीपाशी जी गरज होती, तिचाच इथे तमाशा झाला. कुत्रा तोच होता, हेतू बदलला होता.

१६.
ब्रिटिश अधिकारी हिंदुस्थानात आले तेव्हा टेरिअरही त्यांच्या सामानाबरोबर आला. छावण्यांमध्ये हाउंड, टेरिअर आणि गावठी कुत्रे असा मिळेल तो जमाव गोळा करून तरुण अधिकारी कोल्ह्यांमागे धावत. हा कोल्हा मात्र आपल्याकडचा. अशा विजोड जमावाला ते ‘बॉबरी पॅक’ म्हणत. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या प्रसिद्ध शब्दकोशाच्या मते ‘बॉबरी’ म्हणजे गोंगाट, आणि तो शब्द आला आहे ‘बाप रे’ या आपल्याच उद्गारावरून! विलायतेत ज्या कुत्र्याचे परिमाण इंचाइंचाने ठरत होते, तोच इथे जातकुळी न विचारता गावठी कुत्र्यांच्या खांद्याला खांदा लावून धावत होता.

१७.
एक गोष्ट मात्र सर्वत्र सारखी राहिली. टेरिअर आत जाई आणि कधीकधी परत येत नसे. खडकांच्या फटीत अडके, वरची माती ढासळे, आवाज थांबे. मग कामे टाकून माणसे जमत, पहारी आणि फावडी घेऊन खणत. कधी हे दिवसच्या दिवस चाले. १९६० च्या दशकात उत्तर इंग्लंडात डोंगराळ भागातल्या टेरिअरवाल्यांचा एक क्लब निघाला, तो मुख्यतः अशा अडकलेल्या कुत्र्यांच्या सुटकेसाठी. पुढे गळपट्ट्यात बसवायचे छोटे प्रक्षेपक आले आणि जमिनीला लावलेल्या कानाची जागा यंत्राने घेतली. बिनकामाच्या कुत्र्याला जागा न देणारी हीच माणसे कामाच्या कुत्र्यासाठी अख्खा डोंगर उकरायला निघत. त्यांच्या नात्यातला कठोरपणा आणि माया एकाच मुळातून आली होती.

१८.
आणि बिळातला दुसरा जीव? त्याची बाजू मांडणारे आवाजही इंग्लंडातूनच उठले. बॅजरला १९७३ च्या कायद्याने संरक्षण मिळाले, ते १९९२ मध्ये अधिक बळकट झाले. २००४ च्या शिकार कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनिशी कोल्ह्याची शिकार बंद केली; तो १८ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला. शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणार्थ, जमिनीच्या मालकाच्या लेखी परवानगीने, एका वेळी एकच कुत्रा बिळात सोडण्याची अरुंद वाट तेवढी शिल्लक राहिली. तिच्यावरूनही वाद चालू आहे. कोंडलेल्या प्राण्याची भीती खरी आहे आणि मेंढपाळाचे मेलेले कोकरूही खरे आहे. इतिहासाने यांपैकी एकाला पुसून टाकले तर गोष्ट सोपी होईल, पण ती खोटी होईल.

१९.
काम आटले, कुत्रा राहिला. रसेलच्या परंपरेतल्या टेरिअरला केनेल क्लबने १९९० मध्ये मान्यता दिली. आखूड पायांच्या जॅक रसेलला ती २०१६ मध्ये मिळाली. दोन्ही वेळा कामाचे टेरिअर पाळणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या तोंडी जवळजवळ शतकापूर्वीच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांचेच शब्द होते. आज हा कुत्रा शहरांतल्या सदनिकांत राहतो. सोफ्याच्या उशा उकरतो, पलंगाखाली घुसून भुंकतो, खारीमागे वेडा होतो आणि धनी त्याला ‘हट्टी’ म्हणतो. तो हट्टी नाही. एकट्याने अंधारात निर्णय घेण्यासाठी शतकानुशतके निवडला गेलेला तो जीव आहे. हुकुमाची वाट पाहणारा कुत्रा तिथे खाली टिकलाच नसता.

२०.
मेंढपाळ, कातारी, खाणकामगार, गवंडी यांच्या रोजच्या आयुष्याबद्दल दप्तरखान्यांत फार थोडे सापडते. एखादी १२ पेन्सची नोंद, एखादे थडगे. त्यांची गरज, त्यांचे डोंगर, त्यांची गरिबी, त्यांचे कौशल्य आणि त्यांचे क्रौर्य यांचा सर्वांत विश्वासू दस्तऐवज म्हणजे दोन हातांच्या वेढ्यात मावणारी ती छाती. ती कागदावर लिहिलेली नाही, एवढेच.

आता पुन्हा त्या तबकडीवरच्या निपरकडे पाहावे. कलती मान, ताठ पुढचे पाय, एका काळोख्या गोल तोंडावर रोखलेली नजर. चित्रकाराला तिथे धन्याचा आवाज दिसला. पण डोंगरातल्या एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळाला हे चित्र दाखवले असते, तर तो बैठक पाहूनच म्हणाला असता की आत काहीतरी आहे.